खोलीचं चित्र कसं वाचावं: अभिव्यक्तिवादी चित्रातला रंग आणि मूड

चित्रात चेहरा असला की नवखा प्रेक्षक आधी चेहऱ्याकडे बघतो, हसतोय की रडतोय यावरून मूड ठरवतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. नुसत्या खोलीच्या चित्रात ही सोय नसते. समोर तीन भिंती, एखादा पलंग, दोन खुर्च्या, एक खिडकी. बोलायचं सगळं काम रंगाला आणि रेषेला करावं लागतं. म्हणून अभिव्यक्तिवादी चित्र बघायला शिकायचं असेल तर सुरुवात खोलीपासून करावी.

अभिव्यक्तिवाद म्हणजे थोडक्यात असं: खोली डोळ्यांना कशी दिसते यापेक्षा ती आत बसलेल्याला कशी जाणवते हे चित्रकार रंगवतो, आणि त्यासाठी रंग, मापं, कोन बिनदिक्कत बदलतो. चळवळ म्हणून तो जर्मनीत उभा राहिला. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला ‘डी ब्रुके’ हा गट, १९११ मध्ये म्युनिकला ‘ब्लाउए रायटर’. पण वाट आधीच दोन चित्रकारांनी पाडून ठेवली होती, हॉलंडचा व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि नॉर्वेचा एडवर्ड मुंक यांनी. सरावाला त्यांचीच चित्रं सगळ्यांत चांगली, कारण ती संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारात फुकट बघायला मिळतात आणि चित्रकाराला काय म्हणायचं होतं हे बऱ्याच अंशी त्याच्याच शब्दांत उपलब्ध आहे. म्हणजे आपलं वाचन बरोबर दिशेने चाललंय का, हे ताडून बघता येतं.

या लेखात मुख्यतः दोन चित्रं वापरली आहेत. व्हॅन गॉगचं ‘रात्रीचा कॅफे’ (सप्टेंबर १८८८, आता येल विद्यापीठाच्या कलादालनात) आणि त्याचंच ‘शयनगृह’ (ऑक्टोबर १८८८, ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात). चित्रकार तोच, फ्रान्समधलं आर्ल हे गावही तेच, मध्ये जेमतेम महिनाभराचं अंतर, आणि मूड मात्र दोन टोकांचे. दोन्ही चित्रं उघडून समोर ठेवा आणि मगच पुढे वाचा.

तयारी

एक वही, पेन्सिल, जाड पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा आणि घोटीव कागदाचं एक पाकीट. पुठ्ठ्याच्या मधोमध एक सेंटिमीटरचा चौकोन कापून घ्या. या भोकाचा उपयोग पुढे येईल.

चित्र फोनवर बघणार असाल तर आधी फोनचा पिवळसर ‘नाइट मोड’ बंद करा. खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग आपोआप बदलणारी सेटिंग असेल तर तीही बंद करा. ब्राइटनेस मध्यमापेक्षा थोडा वर ठेवा. शक्य असेल तर लॅपटॉपवरच बघा. चित्र संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उघडा. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींमध्ये कुणीतरी रंग चढवलेले असतात, आणि ज्या पिवळ्यावर तुम्ही अर्धं पान लिहाल तो मुळात चित्रात नसायचाच. ही चूक फार जणांची होते.

पहिल्यांदा एका चित्राला चाळीस मिनिटं द्या. कमी वेळात उरकलं तर तुम्ही चित्राऐवजी शीर्षकाचाच अर्थ लावून मोकळे व्हाल.

पायरी १: तीन मिनिटं काहीही लिहू नका

शीर्षक झाका, वर्ष झाका, चित्रकाराचं नाव विसरा. घड्याळ लावून तीन मिनिटं नुसतं बघा. या वेळात एकच गोष्ट ध्यानात ठेवा: नजर आधी कुठे गेली आणि तिथून कुठे सरकली. ‘रात्रीचा कॅफे’ बघताना बहुतेकांची नजर आधी दिव्यांवर किंवा मधल्या बिलियर्डच्या टेबलावर जाते, मग जमिनीच्या फळ्यांवरून मागच्या दाराकडे ओढली जाते. ‘शयनगृहा’त ती पलंगावर बसते आणि बराच वेळ तिथेच राहते. ओढली जाणं आणि बसणं, हा तुमच्या हाती लागलेला पहिला पुरावा. तीन मिनिटं संपली की तो एका ओळीत लिहून ठेवा.

मग मूडसाठी मनात आलेला पहिला शब्द लिहा. चुकीचा असला तरी चालेल, तो शेवटी तपासायचाच आहे.

पायरी २: रंगांची यादी करा, आणि नावं नीट द्या

इथे नवखी माणसं ‘लाल, हिरवा, पिवळा’ लिहून थांबतात. एवढ्याने काम भागत नाही. मराठीत रंगांची नावं इतकी नेमकी आहेत की परकी नावं शोधायची गरजच पडू नये. साडीच्या दुकानात जी नावं सहज तोंडात येतात तीच इथे वापरा: शेंदरी, विटकरी, किरमिजी, डाळिंबी, अबोली, आमसुली, मोरपंखी, पोपटी, शेवाळी, चिंतामणी, मोतिया, राखाडी. ‘भिंत लाल आहे’ यातून काही कळत नाही. ती शेंदरी आहे की विटकरी, हे ठरवायला बसलात की भिंतीकडे खरं बघणं सुरू होतं. शेंदरी रंग अंगावर येतो, विटकरी मागे टेकून बसतो, किरमिजीत थोडं काळोखाचं वजन असतं.

आता ते पुठ्ठ्याचं भोक घ्या. ते चित्रावर धरलं की एका वेळी एकच तुकडा दिसतो, शेजार झाकला जातो. ज्या ठिकाणाला तुम्ही ‘पांढरं’ म्हणत होता तिथे भोक धरा. ‘रात्रीच्या कॅफे’तल्या मालकाचा कोट असाच एक तुकडा आहे. आपल्याला तो पांढरा वाटतो, भोकातून बघितलं तर तो लिंबाच्या पिवळ्याकडे आणि फिक्या हिरव्याकडे झुकलेला दिसतो. व्हॅन गॉगने भावाला लिहिलेल्या पत्रातही हेच सांगितलंय: त्या भट्टीसारख्या कॅफेत मालकाचा पांढरा कोट लिंबाच्या रंगाचा, फिका हिरवा होऊन जातो. खोलीतली एक वस्तूही आपला रंग सांभाळू शकत नाही, ही गोष्ट मूडबद्दल खूप काही सांगते.

यादी सात-आठ नावांच्या पुढे नेऊ नका. वीस छटा टिपल्या की पुढच्या पायरीला हिशेब हाताबाहेर जातो.

पायरी ३: कुठला रंग किती, ते मोजा

चित्राच्या छापील प्रतीवर किंवा पडद्यावर चार बाय चार अशी सोळा घरं कल्पा. ट्रेसिंग पेपरवर आखून वर ठेवलीत तर उत्तमच. कुठल्या रंगाने किती घरं व्यापलीत ते मोजा. अर्धी घरं अंदाजाने धरा, इथे फूटपट्टीची अचूकता नको.

आपल्या दोन चित्रांचा खरा धडा इथेच आहे. ‘रात्रीच्या कॅफे’त भिंती लाल आणि छत हिरवं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ‘लाल-हिरवा म्हणजे भय’ असा निष्कर्षही अनेकजण काढून ठेवतात. आता ‘शयनगृह’ बघा. तिथेही लाल आहे, पलंगावरची रजई चांगली शेंदरी-लाल आहे. तिथेही हिरवा आहे, खिडकीला. तरी भय नाही. कारण कॅफेत लाल भिंतभर पसरलाय, जिथे बघाल तिथे तो आहे, आणि वरून हिरवं छत दाबतंय. शयनगृहात लाल एका रजईपुरता आहे, पिवळ्या लाकडाच्या चौकटीत बसलेला, आणि हिरवा त्याच्यापासून लांब खिडकीशी. त्याच दोन रंगांचं प्रमाण बदललं, जागा बदलली, आणि खोली बदलली.

म्हणून रंगांचे अर्थ सांगणारे तक्ते, म्हणजे लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद, ते बाजूला ठेवा. रंगाला स्वतःचा ठरलेला मूड नसतो. चाळीतल्या खोलीसारखं आहे: खोली कशी आहे हे शेजार कोण आहे यावरून ठरतं. कुठलाही रंग बघितला की तीन प्रश्न विचारायचे. किती? कुठे? कुणाशेजारी? तिन्हींचं उत्तर मिळाल्याशिवाय मूडबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

पायरी ४: शेजाराचा परिणाम घरी करून बघा

हे वाचून पटवून घेण्यापेक्षा डोळ्यांनी बघावं. घोटीव कागदातून लाल, हिरवा, निळा आणि पिवळा असे चार पूर्ण कागद घ्या. राखाडी कागदाचे दोन सेंटिमीटरचे चार सारखे चौकोन कापा. राखाडी घोटीव कागद मिळाला नाही तर साध्या कागदावर पेन्सिल एकसारखी घासून तयार करा. प्रत्येक रंगीत कागदाच्या मध्यावर एकेक चौकोन ठेवा. दिवसाउजेडी, खिडकीपाशी बसा, ट्यूबलाइटखाली नको. एका कागदाकडे वीस सेकंद बघा, मग पुढच्याकडे. लालवरचा राखाडी हिरवट दिसू लागतो, हिरव्यावरचा गुलाबट. चौकोन उचलून एकत्र ठेवले की चारही एकच.

परिणाम दिसला नाही तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं. एकतर राखाडी चौकोन फार मोठा आहे किंवा कागद चकाकतोय. चौकोन लहान करा, कागद तिरका धरा. वर पातळ पांढरा टिश्यू ठेवलात तर परिणाम उलट अधिकच उठून दिसतो.

या गोष्टीचा शोध चित्रकाराने लावलेला नाही, हे सांगायला हवं. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात गालिचे-पडदे विणले जात, तिथल्या रंगाईचा प्रमुख शेवरल हा रसायनशास्त्रज्ञ होता. काळ्या धाग्याचा रंग दमदार येत नाही अशी तक्रार आली. तपासल्यावर रंगाईत काही खोट सापडली नाही. दोष होता शेजारच्या धाग्यांच्या रंगात. त्याने हा नियम १८३९ मध्ये सविस्तर मांडला आणि पुढच्या पिढ्यांतल्या चित्रकारांनी तो उचलला. व्हॅन गॉग त्यांपैकीच. कॅफेतला लाल-हिरव्याचा भिडता वापर अपघाताने आलेला नाही.

आणखी एक प्रयोग लगेच करा. लाल कागदाकडे तीस सेकंद डोळे न हलवता बघा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे. निळसर हिरवा डाग तरंगताना दिसेल. डोळा लालला कंटाळला की स्वतःहून त्याचा जोडीदार तयार करतो. आता कल्पना करा, लाल भिंतींच्या खोलीत चित्रकाराने डोळ्याला हवा असलेला तो हिरवा छतावर आधीच ठेवून दिलाय. डोळा एका रंगावरून दुसऱ्यावर पळतो आणि दोन्हीकडे त्याला जास्तच भडक रंग मिळतो. विसावा कुठेच नाही. कॅफेत अस्वस्थ वाटतं ते असं, डोळ्यांत घडतं.

पायरी ५: रंग काढून टाका

फोनवर चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो कृष्णधवल करा. किंवा नुसते डोळे बारीक करून बघा, पापण्यांतून फक्त गडद आणि उजळ उरेपर्यंत. दोन रंग एकमेकांपासून लांबचे असले तरी त्यांचा गडदपणा सारखा असू शकतो, आणि तसा असला की त्यांच्या सीमेवर डोळा ठरत नाही, कड थरथरल्यासारखी वाटते. कॅफेच्या भिंती आणि छत कृष्णधवलमध्ये बऱ्यापैकी जवळ येतात. करून बघा.

मग उजेडाचा माग काढा. दिवा कुठे आहे, सावल्या कुठे पडल्यात, आणि त्या पडायला हव्या होत्या तिथेच आहेत का? कॅफेत लिंबाच्या रंगाचे चार दिवे आहेत, भोवती नारिंगी-हिरव्या तुटक फटकाऱ्यांची वलयं. इतके दिवे असूनही टेबलाखाली जड सावली बसलीय. शयनगृहात उलट: पडछाया जवळजवळ नाहीतच. व्हॅन गॉगने त्या मुद्दाम काढून टाकल्या होत्या, रंग जपानी छापचित्रांसारखे सपाट ठेवले होते. सावली नसली की दिवसाचा तास कळत नाही, खोली वेळेबाहेर जाते. कॅफेत तर भिंतीवर घड्याळच आहे, सव्वाबाराचं.

उजेडाने खोलीचा स्वभाव किती बदलतो हे मुंबईत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, पण एकदा मुद्दाम बघा. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. संध्याकाळी सातनंतर स्वतःच्या खोलीत आधी एक लावा, मग दुसरा. एकच पोपटी भिंत पहिल्यात उबदार आणि दुसऱ्यात दवाखान्यातली वाटते. पावसाळ्यात खिडकीतून येणारा राखाडी उजेड हा तिसरा प्रकार, त्यात सगळ्या रंगांची धार जाते आणि खोलीभर एकच ओलसर छटा पसरते. चित्रातल्या खोलीकडे बघताना, यांपैकी कुठला उजेड जवळचा, हा प्रश्न विचारला की शब्द लवकर सुचतात.

पायरी ६: जमीन, कोन, रिकामी जागा

जमिनीची रेषा शोधा. ती चित्रात जितकी वर, तितकी जमीन आपल्याकडे उतरत आल्यासारखी वाटते. कॅफेची जमीन अशीच आहे, फळ्यांच्या रेषा झपकन मागे पळतात आणि आपण आत घसरतोय असं वाटतं. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या आहेत, माणसं कडेला भिंतींना टेकून कोसळल्यासारखी बसलीत. मधली मोकळी जमीन हाच खोलीचा सगळ्यांत मोठा आवाज आहे.

पण इथे एक सावधगिरी. वाकडं दिसलं की ‘मनाचा तोल गेलाय’ असं लिहायची घाई होते. शयनगृहाची मागची भिंत तिरकी दिसते, आणि त्यावरून लोकांनी पानंच्या पानं लिहिली. प्रत्यक्षात ती खोलीच काटकोनी नव्हती, घराच्या कोपऱ्यात असल्याने एक भिंत खरोखर तिरकी होती. पुलाखालच्या नाहीतर वळणावरच्या इमारतीतल्या तिरक्या खोल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना याचं नवल वाटणार नाही. म्हणून एका तिरक्या रेषेवर निष्कर्ष उभा करू नका. रंग, उजेड आणि कोन असे तिघेही एकच गोष्ट सांगत असतील तरच ती धरा.

पायरी ७: मूडला नेमका शब्द द्या

‘उदास’ हा शब्द पहिल्या दिवसापासून वहीतून हद्दपार करा. तो चुकीचा आहे म्हणून नाही. तो शंभर चित्रांना लागू होतो म्हणून. मराठीत खोल्यांच्या मूडसाठी शब्दांची अशी श्रीमंती आहे की वापरली नाही तर आपलंच नुकसान.

भकास, सुनं आणि ओकंबोकं हे तीन शब्द एकच वाटतात, पण प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. भकास खोलीत जागा जास्त असते आणि रंगाचा जीव गेलेला असतो. सुनी खोली रंगाने जिवंत असू शकते, फक्त तिथलं माणूस नुकतं उठून गेलेलं असतं. रिकामी खुर्ची, चुरगळलेली चादर यांतून ते कळतं. ओक्याबोक्या खोलीतून वस्तू काढून नेलेल्या असतात, भिंतीवर फक्त खुणा उरतात. याच्या उलट बाजूला कोंदट आणि घुसमट. कोंदट खोलीत हवा नाही: खिडकी बंद, छत खाली, रंग एकमेकांवर चढलेले. घुसमटीला त्याहून एक गोष्ट जास्त लागते, बाहेर पडायची इच्छा. चित्रात दार असेल आणि तिथवर जायची वाट अडलेली असेल, तर घुसमट म्हणता येईल. निवांत, उबदार, प्रसन्न हेही असेच वेगळे करा. आणि हुरहूर हा शब्द जपून वापरा, त्याला लांब काहीतरी दिसायला लागतं, खिडकीबाहेरचा एखादा फिका निळा तुकडा तरी.

आता नियम. प्रत्येक मूडशब्दापुढे चित्रातली निदान दोन ठिकाणं लिहायची, जिथे बोट ठेवून दाखवता येईल. वहीतली नोंद अशी दिसायला हवी:

‘रात्रीचा कॅफे: तापलेला, डोळ्याला विसावा नसलेला. पुरावा: लाल भिंत आणि हिरवं छत थेट भिडतात, मध्ये तिसरा शांत रंग नाही. दिव्यांभोवतीचे फटकारे वलयात, उजेड थरथरतो. मालकाचा कोटही पिवळट. अपवाद: मागे फळीवर गुलाबी फुलांचा गुच्छ, एकटाच मऊ रंग.’

तो अपवाद लिहिणं फार महत्त्वाचं. चांगल्या चित्रात मूडच्या विरुद्ध जाणारी एखादी जागा जवळजवळ नेहमी असते, आणि ती सापडली की मूड अधिक नेमका कळतो. गुच्छ नसता तर कॅफे नुसता भीषण झाला असता.

पायरी ८: आता माहिती वाचा, आधी नाही

आता शीर्षक, वर्ष, पत्रं उघडा. कॅफेबद्दल व्हॅन गॉगने लिहिलं होतं की लाल आणि हिरव्यातून माणसातले भयंकर विकार व्यक्त करायचा प्रयत्न केलाय, ही अशी जागा आहे जिथे माणूस स्वतःचा नाश करून घेऊ शकतो. शयनगृहाबद्दल मात्र त्याला हवी होती विश्रांती: चित्र बघून डोक्याला आराम पडावा. तुमची नोंद याच्याशी जुळली तर बरं, नाही जुळली तर खोडू नका. फरक का पडला ते शोधा.

शयनगृहाच्या बाबतीत तो फरक हमखास पडतो, आणि त्यात दोष तुमचा नसतो. आज भिंती निळ्या दिसतात. व्हॅन गॉगने पत्रात त्या फिक्या जांभळ्या सांगितल्या होत्या, दारंही जांभळट. जांभळ्यात मिसळलेला लाल रंग प्रकाशाने उडून गेला आणि मागे निळा उरला. पानटपरीवर वर्षानुवर्षं उन्हात टांगलेली जुनी पोस्टरं आठवा, सगळी निळी पडलेली असतात, प्रकाराने तसंच. आता शेजाराचा नियम लावा. पिवळ्या पलंगाशेजारी जांभळी भिंत म्हणजे पूरक रंगांची, लाल-हिरव्यासारखीच जोडीदारांची जोडी, एकमेकांना तोलणारी. जांभळ्याच्या जागी निळा आला की तो तोल सरकतो, खोली मूळपेक्षा थंड होते. आपण ज्या गारव्याबद्दल लिहितो तो काही अंशी काळाने रंगवलेला आहे. जुन्या चित्राचं वर्णन करताना ‘आज दिसतं त्याप्रमाणे’ हे शब्द घालण्याची सवय लावा. या चित्राच्या तीन आवृत्त्या आहेत, पहिलीला ओल लागल्यावर १८८९ मध्ये त्याने आणखी दोन केल्या (एक शिकागोला, लहान असलेली पॅरिसला). तिन्ही शेजारी ठेवून जमिनीचा आणि भिंतीचा रंग ताडून बघणं हा एक संध्याकाळभर पुरणारा अभ्यास आहे.

आणखी एक सापळा चरित्राचा. व्हॅन गॉग म्हटलं की त्याने स्वतःच कापून घेतलेला कान आठवतो आणि प्रत्येक रेषेत वेड दिसायला लागतं. ती घटना २३ डिसेंबर १८८८ ची. आपली दोन्ही चित्रं त्याआधीची. तारखा जुळवल्याशिवाय आयुष्यातलं दुःख चित्राच्या भिंतीला लावू नका.

सरावासाठी आणखी दोन खोल्या

मुंकचं ‘आजाऱ्याच्या खोलीतला मृत्यू’ (१८९३, ऑस्लो). जमीन नारिंगी-तपकिरी, भिंत हिरवी, म्हणजे पुन्हा त्याच घराण्याची जोडी, पण आवाज खाली आणलेली. आजारी मुलगी जवळजवळ दिसतच नाही, खुर्चीची पाठ आपल्याकडे आहे. घरची माणसं एकमेकांकडे बघत नाहीत आणि त्यांच्यामध्ये मोकळी जमीन पसरलीय. त्या जमिनीने किती घरं व्यापलीत ते मोजा. चित्राबाहेरची गोष्ट शेवटी वाचा: मुंकची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयाने गेली, तेव्हा ही भावंडं लहान होती, पण चित्रात मुंकने सगळ्यांना १८९३ च्या वयाचं दाखवलंय. सोळा वर्षं ती माणसं त्याच खोलीत उभी आहेत.

दुसरं फ्रेंच चित्रकार मातिसचं ‘लाल स्टुडिओ’ (१९११, न्यू यॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयात). मातिस जर्मन अभिव्यक्तिवाद्यांच्या गटातला नव्हता, पण लालबद्दलची समजूत तपासायला याच्याइतकं चांगलं चित्र नाही. जवळपास १८१ बाय २१९ सेंटिमीटरचा कॅनव्हास, आणि भिंत, जमीन, टेबल सगळं विटकरी लाल. तरी राग नाही, भय नाही. आधी त्याने जमीन गुलाबी आणि भिंती निळ्या रंगवल्या होत्या, नंतर लालने झाकल्या. फर्निचरच्या ज्या बारीक रेषा दिसतात त्या वरून काढलेल्या नाहीत, लाल लावताना सोडलेल्या फटी आहेत, त्यांतून खालचे जुने रंग डोकावतात. घड्याळ आहे, पण त्याला काटे नाहीत. कॅफेतल्या सव्वाबाराशेजारी हे ठेवा आणि नोंद करा.

मुंबईत प्रत्यक्ष कुठे बघाल

वरची चित्रं मुंबईत नाहीत, पण त्या धाटणीचा वारसा आहे. १९३० च्या दशकात नाझी राजवटीतून निसटलेली काही माणसं इथे आली. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, जर्मनीतून आलेले समीक्षक रुडी फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. ज्या कलेला हिटलरच्या राजवटीने १९३७ मध्ये म्युनिकच्या प्रदर्शनात ‘विकृत’ ठरवून टांगलं, तिच्याबद्दलची जाण ही माणसं सोबत घेऊन आली आणि इथल्या तरुण चित्रकारांशी बोलत राहिली. १९४७ मध्ये सुझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सुझांच्या जाड काळ्या रेषेसमोर उभं राहिलात की हा धागा लगेच दिसतो.

काळा घोड्याला तीन ठिकाणं चालण्याच्या अंतरावर आहेत. सर कावसजी जहांगीर हॉलमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (सोमवारी बंद), समोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं जहांगीर निकल्सन दालन आणि त्याच आवारालगतची जहांगीर आर्ट गॅलरी, जिथे तिकीट लागत नाही. कुठे काय लागलंय ते बदलत राहतं, म्हणून निघण्याआधी बघून घ्या. खोलीचंच चित्र मिळेल असं नाही. टेबल, खिडकी, खुर्चीत बसलेलं माणूस, काहीही चालेल, पायऱ्या त्याच.

दालनात आधी तीन मीटरवर उभे राहा, मूडशब्द लिहा. मग एक मीटरवर, रंगांची नावं. शेवटी जितकं जवळ जाऊ देतील तितकं, रंगाचा थर आणि फटकाऱ्याची दिशा बघायला. पडद्यावर थर कधीच कळत नाही आणि अभिव्यक्तिवादी चित्रात अर्धा जोर थरातच असतो. कडेने बघा, जाड रंगाची सावली पडलेली दिसेल. पेन नेऊ नका, पेन्सिलच न्या. चित्रावर पडलेल्या दिव्याचा रंगही टिपा, पिवळसर स्पॉटलाइटखाली निळे मंद होतात. एका फेरीत तीन चित्रं पुरे, चौथ्यापासून डोळे थकलेले असतात आणि सगळे लाल सारखे वाटू लागतात.

नोंदी बाहेर पडून लगेच पायरीवर बसून पूर्ण करा. चर्चगेटपर्यंत चालत गेलात की बस, होर्डिंग, टॅक्सी यांचे रंग मध्ये येतात, आणि भिंत शेंदरी होती की विटकरी, हे गाडीत बसल्यावर आठवत नाही.